प्रश्न क्रमांक ८३

अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी तेव्हा १०० प्रश्नांची यादी असे. मुलाखतीत त्यातले १० विचारत आणि ६ बरोबर आले की पास. यादीतला ८३ वा प्रश्न होता, "शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेला मुख्य चिंता कशाची होती?"

मी तो फळ्यावर लिहिला त्या संध्याकाळी वर्गात नऊ जण होते. इतर प्रश्नांना खाली मान घालून बसणारी माणसं या प्रश्नाला एकदम बोलली. खिडकीजवळच्या युक्रेनी आजी "कोमुनीझ्म" म्हणाल्या. दाराजवळ बसणारे लाओ आजोबा त्याच क्षणी "खोमुनित" म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे वळून पाहिलं. पाच आठवडे ती दोघं एका खोलीत बसत होती, पण तोवर त्यांनी एकमेकांची दखल घेतल्याचं मला आठवत नाही. आजी हलक्या हसल्या. आजोबा हसले नाहीत, त्यांनी फक्त मान हलवली.

ही २०१२ सालची गोष्ट, सॅक्रमेंटोमधल्या एका सार्वजनिक वाचनालयातली. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही त्या आधीच्या वर्षी मिरजेहून तिथे गेलो होतो. माझा व्हिसा एच-४, नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराचा, म्हणजे त्या काळात पगाराचं काम करायला मनाई. दिवस घरात खायला उठायचा. वाचनालयात नागरिकत्वाच्या वर्गासाठी स्वयंसेवक हवे असल्याची चिठ्ठी दिसली आणि मी नाव दिलं. जो देश मला अजून काम करू देत नव्हता, त्याची राज्यघटना मी दर मंगळवारी इतरांना शिकवू लागले. माझ्या वर्गात प्रामुख्याने दोनच प्रकारची माणसं येत. एक, सोव्हिएत संघातून आलेले युक्रेनी, रशियन, मोल्दोवातले लोक, ज्यांना तिथे सरसकट 'स्लाविक' म्हणतात. दुसरे लाओसचे. त्यांत लाओ होते, म्येन होते, आणि मोंगही. मोंग मूळ लिहिताना आधी ह येतो, पण तो उच्चारात नाही, हे मला त्यांनीच शिकवलं.

या दोन समाजांबद्दल मला लिहायचं आहे, कारण पुढची काही वर्षं मी त्यांना एकमेकांशेजारी पाहत राहिले आणि आमच्याच लोकांच्या जेवणाच्या टेबलावर त्यांची तुलना फार सोपी करून मांडलेली ऐकत राहिले. "रशियन बघ, आले तेव्हा खिशात काही नव्हतं, आज प्रत्येकाचा ट्रक आहे, घर आहे. आणि ते लाओसवाले चाळीस वर्षं झाली तरी तिथेच." हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून निदान दहा वेळा ऐकलं असेल. ते बोलणारी माणसं वाईट नव्हती. पण वाक्य खोटं आहे, आणि ते का खोटं आहे हे मला तेव्हा धड सांगता येत नव्हतं.

पहिली गोष्ट म्हणजे, ही दोन माणसं अमेरिकेच्या दारात आली ती एकाच भीतीच्या पोटी, आणि कायद्यातही त्यांची नावं एकदा शेजारी शेजारी आली आहेत. १९८९ च्या नोव्हेंबरात अमेरिकी काँग्रेसने एक दुरुस्ती मंजूर केली. न्यू जर्सीचे सेनेटर फ्रँक लाउटेनबर्ग यांच्या नावाने ती ओळखली जाते. सोव्हिएत संघातले ज्यू आणि इव्हँजेलिकल ख्रिस्ती, तसेच युक्रेनी कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स पंथाचे काही लोक, यांना निर्वासित ठरवताना पुराव्याची अट सैल करावी, असं तिच्यात होतं. त्याच कलमात पुढे व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातल्या काही गटांनाही तीच सवलत आहे. लोकांच्या लक्षात पहिला भाग राहिला. दुसरा मलाही वर्ग सुरू करून दोन वर्षं झाल्यावर वाचायला मिळाला.

सॅक्रमेंटोच का, हा प्रश्न मी आजींना विचारला होता. त्या मूळच्या युक्रेनमधल्या रिव्ने भागातल्या, पेंटेकोस्टल या ख्रिस्ती पंथाच्या. त्यांनी टेबलावर बोटाने रेडिओचं बटण फिरवल्याची खूण केली. नदीपलीकडच्या वेस्ट सॅक्रमेंटोत ब्राइट नावाची जुनी रशियन वस्ती आहे. 'वर्ड टू रशिया' ही ख्रिस्ती रेडिओसंस्था सत्तरच्या दशकापासून तिथून रशियन भाषेतली प्रवचनं लघुलहरींवर पाठवत असे. आजींच्या घरी खिडक्यांना गोधड्या लावून रात्री ते ऐकत. शेवटी पत्ता सांगितला जाई. अमेरिकेत न्यूयॉर्क आहे हे कळण्याआधी सॅक्रमेंटो आहे हे त्यांना कळलं होतं. सोव्हिएत काळात त्यांच्या पंथाच्या मुलांनी कोम्सोमोल या युवक संघटनेत जायला नकार दिला की विद्यापीठाची दारं बंद होत. म्हणून पुरुष गवंडी झाले, वेल्डर झाले, चालक झाले, सुतार झाले. शिक्षा म्हणून वाट्याला आलेली ती हातातली कामं अमेरिकेत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात पैसे देऊ लागली. घर बांधणाऱ्याला, छप्पर घालणाऱ्याला, ट्रक चालवणाऱ्याला इंग्रजी जुजबी पुरतं.

आणि ते एकेकटे आले नाहीत. गोर्बाचेव यांच्या काळात बाहेर जायचं दार उघडलं तेव्हा आधी आलेल्याने पुढच्याला बोलावलं. घरच्या घर, मंडळीच्या मंडळी उचलून आल्यासारखी आली. गावातला पाळकही आला, गायनवृंद चालवणारी बाईही आली, भांडणं मिटवणारा म्हाताराही आला. पहिल्या रात्री झोपायला गादी, दुसऱ्या दिवशी जुनी गाडी, तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी भावाच्या हाताखाली काम. आजी म्हणत, आम्हाला सरकारपेक्षा आधी चर्च भेटलं.

लाओ आजोबांची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली, त्यांच्या नातीच्या तोंडून. ती सतरा वर्षांची होती आणि दर मंगळवारी आजोबांसाठी दुभाषी म्हणून येत असे. काही गोष्टी ती भाषांतर करताना मध्येच थांबायची, कारण त्या तीही पहिल्यांदाच ऐकत असायची.

१९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेच्या विमानांनी लाओसवर ५ लाख ८० हजार फेऱ्या मारून २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. नऊ वर्षं, दिवसरात्र, सरासरी दर आठ मिनिटांनी एक विमानभर. त्यात सुमारे २७ कोटी छोटे क्लस्टर बॉम्ब होते आणि त्यातले ३० टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत, ते अजून शेतांत आहेत. युद्ध संपल्यावर त्यांनी वीस हजारांहून जास्त माणसांना मारलं किंवा जायबंदी केलं. हे सगळं अमेरिकेने आपल्या लोकांपासून लपवून ठेवलं होतं. डोंगरातल्या मोंग आणि म्येन तरुणांना सीआयएने बंदुका देऊन उभं केलं, सखल भागातले लाओ सैनिक राजाच्या फौजेत अमेरिकेच्या बाजूने लढले. १९७५ साली राजाची सत्ता जाऊन कम्युनिस्ट आले आणि मागे राहिलेल्यांना त्याचा हिशोब चुकवावा लागला. देशाच्या लोकसंख्येपैकी जवळपास दहावा हिस्सा बाहेर पडला. बहुतेकांनी मेकाँग ओलांडली, कुणी होडीतून, कुणी बांबूच्या मोळीला धरून, आणि पलीकडे थायलंडच्या छावण्यांत वर्षं काढली. आजोबा नोंग खाई इथल्या छावणीत साडेतीन वर्षं होते. त्यांच्या दोन मुली तिथे जन्मल्या, एक तिथेच राहिली. 'राहिली' हा शब्द नातीने वापरला. त्याचा अर्थ मला घरी पोचल्यावर कळला.

त्यांना अमेरिकेत आणलं तेव्हा निर्वासितांनी एकाच जागी गर्दी करू नये म्हणून देशभर विखरून ठेवायचं धोरण होतं. एक कुटुंब या राज्यात, त्याचे चुलते दुसऱ्या राज्यात, मध्ये हजार मैल आणि बर्फ. पुढे माणसं आपल्या माणसांकडे सरकत सरकत कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात जमली. ऊब आणि जमीन दिसली, नातलग आधी आलेला होता. पण तोवर पहिली पाच-सात वर्षं गेलेली होती, आणि निर्वासिताच्या आयुष्यात पहिली वर्षंच सगळं ठरवतात. १९८० च्या कायद्याने निर्वासितांना ३६ महिने रोख मदत ठेवली होती. १९८२ मध्ये ती १८ महिन्यांवर आली, पुढे १२ वर, आणि १९९१ मध्ये ८ महिन्यांवर. म्हणजे स्लाविक लोकांना ही मदत उलट कमीच मिळाली. कोणाला सरकारने जास्त दिलं यावरून हा फरक उलगडत नाही. सरकार सोडून कोणाच्या पाठीशी काय उभं होतं, तिथून तो उलगडू लागतो.

सोबत काय आणलं हेही पाहायला हवं. डोंगरात फिरती शेती करणाऱ्या म्येन बाईला लिहिता येत नव्हतं ते आळसाने नव्हे. त्यांच्या भाषेसाठी सर्वांनी मान्य केलेली रोमन लिपीच १९८४ साली ठरली. आणि मनात काय आणलं ते तर मोजताच येत नाही. १९८१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एक नोंद प्रसिद्ध केली. लाओसहून आलेले धडधाकट तरुण पुरुष, बरेचसे मोंग, रात्री झोपेत मरत होते. आजार सापडत नव्हता. मी ते वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. ज्यांची माणसं झोपेतही सुखरूप नव्हती त्यांना आम्ही विचारतो, तुमची अजून प्रगती का नाही?

वर्गातल्या माणसांनी मला पुढे आपापल्या घरी बोलावलं. उत्तरेकडे अँटिलोप, नॉर्थ हायलँड्स, पूर्वेकडे रँचो कॉर्डोव्हा, तिकडे स्लाविक घरं. आजींच्या मुलाच्या अंगणात तीन ट्रकांची धुडं उभी असत. एक त्याचा, एक धाकट्याचा, एक जावयाचा. सात भावंडं, त्यांची मुलं, रविवारी चर्चनंतर चाळीस जणांचं जेवण. कुट्टूची लापशी, बीटचं बोर्श, मुरवलेले टोमॅटो. बायका आया म्हणून, परिचारिका म्हणून, म्हाताऱ्यांना घरी सांभाळायच्या कामावर जात. कर्ज भावाकडून, वकील चर्चमधला, घर विकणारा दलाल चर्चमधला. पैसा बाहेरून येई आणि आत फिरत राही. याला एक काळी बाजूही होती. धाकटी सून मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली की तिला पुढे शिकायचं होतं, पण एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. जी मंडळी पडू देत नाही ती हलूही देत नाही, हे मिरजेच्या मुलीला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

दक्षिणेकडे फ्लोरिन रस्ता, मेडोव्ह्यू, तिकडे लाओसची घरं. आजोबांच्या घरात तीन पिढ्या आणि पाच पगार. मुलगा गोदामात रात्रपाळीला, सून इलेक्ट्रॉनिक भाग जुळवायच्या कारखान्यात, मोठी नात दवाखान्याच्या स्वागतकक्षात. सरकारी तक्त्यात 'घराचं उत्पन्न' असा रकाना असतो आणि त्यात हे घर बरं दिसतं. कमावणारे हात किती ते त्या रकान्यात येत नाही. मागच्या अंगणात गवती चहा, मिरच्या, कडू वांगी, पुदिना. त्यांनी मला चिकट भाताचा गोळा बोटांनी दाबून खायला शिकवलं, आणि कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत मिरच्या किती घालू असं विचारल्यावर "आमच्या कोल्हापूरकडे जितक्या" म्हणायचा मोह मी आवरला नाही.

एप्रिल उजाडला की काउंटीच्या रस्त्यांच्या कडेला हाताने रंगवलेल्या पाट्या लागतात, स्ट्रॉबेरीच्या. छोटी छोटी टपरीवजा दुकानं, मागे तीन-चार एकर. ही बहुतेक म्येन कुटुंबांची. जमीन भाड्याची, जात बहुधा चँडलर, जी इतकी नाजूक असते की लांबच्या दुकानांत पाठवताच येत नाही, सकाळी तोडायची आणि संध्याकाळच्या आत संपवायची. महाबळेश्वरची चव जिभेवर असलेल्या मला ती पहिल्यांदा खाल्ली तेव्हा बोलता येईना. पहाटे चारपासून कंबरेत वाकून फळ तोडणारी ती बाई साठीच्या पुढची होती. जिथे नांगर लागत नाही अशा उतारावर भात पिकवलेली माणसं सपाट खोऱ्यात येऊन, नवं पीक शिकून, शहराला स्ट्रॉबेरी खाऊ घालत होती. याला 'तिथेच राहिले' म्हणायचं कसं? पण मुलं ही शेती करणार नाहीत, आणि जमीन तर मालकाची. ट्रकवाल्याचा ट्रक कर्ज फिटलं की त्याचा होतो. भाड्याच्या जमिनीचं तसं होत नाही.

एक गोष्ट मला या दोन्ही घरांत घरच्यासारखं वाटायला लावायची, ती म्हणजे शब्द. युक्रेनी आजी विधवा होत्या. स्वतःकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "व्दोवा." मला भाषांतर लागलंच नाही. मधाला त्या 'मेद' म्हणत, दारांना 'द्वेरी'. लाओ आजोबा मला 'खू' म्हणत. मला वाटलं ते माझं नाव चुकवतात. नातीने सांगितलं, खू म्हणजे शिक्षक. हा आपलाच गुरू, मेकाँगच्या काठी झिजून राहिलेला. भाषेला ते 'फासा' म्हणतात, नगराला 'नखोन'. एप्रिलमधल्या त्यांच्या नववर्षाच्या नावातली 'सोंगक्रान' ही आपली संक्रांत. एकीची भाषा माझ्या भाषेची दूरची बहीण, दुसऱ्याची लिपी माझ्या लिपीची चुलत बहीण. दोघांच्या मधोमध बसून मी इंग्रजीत घटना शिकवत होते.

आता रकान्यांबद्दल. अमेरिकेत प्रत्येक अर्जावर वंश विचारतात. आजी 'गोऱ्या' या रकान्यात खूण करत. त्या रकान्यात तीनशे वर्षांपासूनचे जमीनदारही आहेत आणि काल आलेले निर्वासितही. त्यामुळे शाळेत इंग्रजी न येणारं स्लाविक मूल, डॉक्टरकडे न जाणारी स्लाविक म्हातारी, हे कागदावर कुठे दिसतच नाहीत. आजोबा 'आशियाई' रकान्यात. आणि त्या रकान्यात मी आहे, आम्ही आहोत. २०१९ च्या आकड्यांप्रमाणे पंचवीस वर्षांवरच्या भारतीयांपैकी चारात तीन जण पदवीधर होते. आशियाई म्हणून मोजलेल्या सगळ्यांत हे प्रमाण ५४ टक्के. लाओंमध्ये पाचातल्या एकाहूनही कमी. भारतीय घराचं मध्यम उत्पन्न १ लाख १९ हजार डॉलर. आमचं हे वजन सरासरीला वर खेचतं, आणि त्या सरासरीच्या खाली लाओ मुलगा गडप होतो. शिष्यवृत्ती ठरवणारा अधिकारी म्हणतो, आशियाई मुलांना मदत कशाला हवी? आम्ही अमेरिकेत आलो ते चाळणीतून गाळून. आधी प्रवेशपरीक्षा, मग पदवी, मग कंपनी, मग व्हिसा. आमच्यातले जे आले नाहीत ते मिरजेत आहेत, मोजणीत नाहीत. लाओसचा आख्खा गाव आला, शिकलेला, न शिकलेला, आजारी, म्हातारा, सगळा. गाळलेल्या धान्याची आणि खळ्यावरच्या राशीची तुलना कोणी शेतकरी करणार नाही. जेवणाच्या टेबलावर मी हे पहिल्यांदा बोलले तेव्हा थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. एका मैत्रिणीने नंतर फोन करून वर्गाची वेळ विचारली आणि पुढची चार वर्षं ती माझ्याबरोबर शिकवायला आली.

स्लाविक लोकांचं गोरेपणही त्यांना आयतं मिळालेलं नाही, हे मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी ते फार महाग घेतलं. १८९७ च्या सप्टेंबरात पेन्सिल्व्हेनियातल्या लॅटिमर इथे संपावरच्या नि:शस्त्र खाणकामगारांवर शेरिफच्या माणसांनी गोळ्या झाडल्या, १९ जण मेले. बहुतेक पोलिश, स्लोव्हाक, लिथुआनियन. त्या काळी शिकलेसवरलेले लोक या माणसांना हलक्या वंशाचे म्हणत. १९२४ च्या कायद्याने त्यांची संख्या मुद्दाम १८९० च्या जनगणनेवर बेतली, म्हणजे ते आले त्याच्या आधीच्या. आशियाई माणसाला तर त्या कायद्याने दारच बंद केलं, आणि त्याच्या एकच वर्ष आधी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबहून आलेल्या भगतसिंग थिंड यांना तुम्ही गोरे नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं. पुढे कामगार संघटना आल्या, दुसरं महायुद्ध आलं, परतलेल्या सैनिकांना शिक्षण आणि घरकर्ज मिळालं, आणि खाणकामगाराचा नातू नुसता अमेरिकन झाला. १९८९ नंतर आलेल्या आजींच्या मुलांना ते दार उघडंच मिळालं. बोलताना सूर वेगळा लागतो, पण गप्प बसले की कुणी विचारत नाही तुम्ही कुठले. आजोबांची नात सॅक्रमेंटोत जन्मली, इंग्रजीत स्वप्नं पाहते, आणि तिला अजून विचारतात. लॅटिमरपासून त्या नुसत्या अमेरिकन होण्यापर्यंत पन्नास वर्षं लागली. लाओसच्या लोकांना येऊन तितकीच होत आहेत.

वर्गात एक म्येन बाई येत. फारशी बोलत नसत. सगळे गेल्यावर एकदा थांबल्या आणि मुलाच्या मदतीने विचारलं, मी आता पास झाले तर माझ्या धाकट्याला उपयोग होईल का? धाकटा तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. थायलंडच्या छावणीत जन्मलेला, दोन वर्षांचा असताना आलेला. अठराव्या वर्षी टोळक्यात सापडून मारामारीत शिक्षा झाली, ती त्याने भोगली. पण १९९६ च्या कायद्याने अशा गुन्ह्यांची यादी फार वाढवली आणि ग्रीन कार्ड असलेल्यालाही देशाबाहेर काढायचा हुकूम निघू लागला. मूल अठराच्या आत असताना आईबाप नागरिक झाले असते तर मूलही झालं असतं. मला तिला 'नाही' म्हणावं लागलं. तिने मान डोलावली, वही पिशवीत ठेवली, आणि पुढच्या मंगळवारी परत आली. कित्येक वर्षं लाओस अशा माणसांना क्वचितच परत घेई, म्हणून हुकूम कागदावर राहत. २०२५ मध्ये विमानं निघू लागली. ज्या देशात कधी पाऊल ठेवलं नाही त्या देशात चाळिशीची माणसं उतरवली जाऊ लागली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये लाओसच्या नागरिकांच्या प्रवेशावरही निर्बंध आले.

आणि आजींच्या घरी? २०२२ मध्ये युद्ध पेटल्यावर अमेरिकेने युक्रेनींसाठी तात्पुरत्या प्रवेशाची सोय केली. आजींच्या बहिणीची नात दोन मुलांना घेऊन त्यांच्याकडे आली. ट्रकवाल्या मुलाने गॅरेजची खोली करून दिली. २०२५ च्या जानेवारीत ती सोय थांबली, आणि आता त्या मुलीचे कागद कधी संपतील याची तारीख फ्रिजवर लावलेली असते. आजी फोनवर म्हणाल्या, आम्ही आलो तेव्हा आम्हाला विचारलं होतं, तुम्हाला कशाची भीती आहे? तिला कुणी विचारतच नाही.

आजोबांच्या परीक्षेच्या आदल्या मंगळवारी आम्ही सगळे प्रश्न पुन्हा घेतले. वय आणि अमेरिकेतली वर्षं धरून त्यांना लाओ भाषेत उत्तरं द्यायची मुभा होती. २००० साली तर खास कायदा झाला होता, अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या मोंग आणि लाओ सैनिकांना नागरिकत्व सोपं व्हावं म्हणून. पण त्याला मुदत होती, आणि ती संपली तरी त्यांना कळलं नव्हतं.

७८ वा प्रश्न होता, "१९०० च्या शतकात अमेरिकेने लढलेल्या एका युद्धाचं नाव सांगा." नातीने भाषांतर केलं. आजोबा लगेच म्हणाले, "लाओ."

मी यादी पाहिली. तिथे पाच उत्तरं होती. पहिलं महायुद्ध, दुसरं महायुद्ध, कोरिया, व्हिएतनाम, आखात. मी पान उलटून पुन्हा पाहिलं. मग नातीला म्हटलं, त्यांना सांग, व्हिएतनाम म्हणायचं.

तिने सांगितलं. त्यांनी काहीतरी विचारलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते विचारतात, तुम्ही त्यांच्या गुरू आहात ना, मग तुम्हीच सांगा, ते युद्ध झालं होतं की नाही?"

मी म्हटलं, झालं होतं.

त्यांनी वहीत आपल्या लिपीत व्हिएतनाम लिहिलं, वळणदार, संथ. ते मला अर्धवट वाचता आलं, व आणि न मला ओळखीचे वाटले. त्याच्याखाली त्यांनी अजून एक छोटा शब्द लिहिला आणि वही मिटली. आठ दिवसांनी ते पास होऊन आले. प्रश्न ७८ वा विचारला होता का, असं मी विचारलं नाही. त्यांनी पिशवीतून पांढऱ्या सुताची गुंडी काढली. लाओसमध्ये माणूस लांबून परत आला, आजारातून उठला, काही मोठं पार पडलं की मनगटावर असं सूत बांधतात, सैरभैर झालेला जीव अंगात परत यावा म्हणून. आधी माझ्या मनगटाला बांधलं. मग खोलीभर फिरले. युक्रेनी आजींच्या पंथात असल्या गोष्टी चालत नाहीत हे मला ठाऊक होतं, म्हणून मी जरा धास्तावले. आजींनी बाही वर सारली आणि हात पुढे केला.